‘उसकी’ म्हणजे नेमकी कोणाची?

‘अली लव्ह्ज हर मदर.’

उर्दू शाळेतल्या मुलांच्या इंग्रजी वहीत हे वाक्य हमखास सापडतं. शिक्षक ‘हर’ खोडून वर ‘हिज’ लिहितात, मूल मान डोलावतं आणि पुढच्याच ओळीत ‘सना लव्ह्ज हिज ब्रदर’ उभं असतं. मग शिक्षकांचा पारा चढतो. अरे, सना मुलगी आहे ना? ती मुलगी आहे हे त्या मुलाला तुमच्या-माझ्याइतकंच ठाऊक असतं. पण उर्दूत अलीची आई ‘उसकी अम्मी’ आणि सनाचा भाऊ ‘उसका भाई’. ‘का’ लावायचा की ‘की’, हे अम्मी आणि भाई ठरवतात. अम्मी कोणाची, भाऊ कोणाचा, याचा त्या शब्दात पत्ताच नाही. ईकार म्हणजे बाईमाणूस, हे मूल बोलायला लागल्यापासून शिकलेलं असतं. ‘उसकी’त ते ऐकू आलं, त्यानं ‘हर’ लिहिलं. हिशेब चुकलेला नाही, तो फक्त उर्दूचा आहे.

त्यात आणखी एक गंमत. ‘तो’ आणि ‘ती’ हा भेद उर्दूचं सर्वनाम करतच नाही. ‘वो’ दोघांनाही चालतं. कोण आलं ते क्रियापद सांगतं: वो आया, वो आई. इंग्रजीत नेमकं उलट. ‘केम’ला बाई-पुरुषाशी काही देणंघेणं नाही, सगळा भार ‘ही’ आणि ‘शी’वर. म्हणजे ज्या मुलानं आयुष्यभर वाक्याच्या शेपटीकडे बघून माणूस ओळखलं, त्याला आता तोंडाकडे बघायला सांगायचं. वेळ लागणारच.

मी मराठवाड्यात इंग्रजी शिकवतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांत उर्दू माध्यमाची मुलं पुष्कळ असतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख लोक होते. मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, आमचं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुनं औरंगाबाद. बालभारती मराठीसारखीच उर्दूतही पाठ्यपुस्तकं छापते. तेव्हा हा विषय फक्त लाहोर-लखनौचा नाही. पण त्याचा मोठा पसारा सीमेपलीकडे आहे, आणि या चुकांना शिस्तीत जन्म देणारी पद्धत तिकडे अगदी उघडी दिसते. म्हणून आधी तिकडे.

पाकिस्तानात २०१७च्या जनगणनेत उर्दू ही मातृभाषा सांगणारे जेमतेम ७ टक्के निघाले. घरात पंजाबी, पश्तो, सिंधी. पण शाळेत उर्दू. १९७३च्या राज्यघटनेत २५१ वं कलम आहे. त्यात म्हटलंय की १५ वर्षांत सरकारी कामकाज उर्दूत आणण्याची व्यवस्था करायची आणि तोवर इंग्रजी वापरायला हरकत नाही. ते ‘तोवर’ काही संपलं नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाला बजावून सांगावं लागलं, की आता तरी कलम अमलात आणा. तरीही मोठ्या नोकरीचा दरवाजा इंग्रजीतूनच उघडतो. सीएसएस नावाची त्यांची जी परीक्षा आहे, आपल्या यूपीएससीची चुलत बहीण, तिच्या इंग्रजीच्या पेपरात वाक्यं दुरुस्त करायला देतात आणि उर्दू वाक्यांचं इंग्रजीही करायला लावतात. म्हणजे उर्दूभाषकाची इंग्रजीतली चूक ही तिथे निव्वळ चूक राहत नाही, ती गुणांची, पगाराची गोष्ट होते.

आणि मग येतात कोष्टकं. तिकडच्या शाळांत, शिकवण्यांत इंग्रजी काळ शिकवायची ठरलेली रीत आहे: उर्दू वाक्याचा शेवट बघा. ‘ता है, ती है, ते हैं’ आलं की प्रेझेंट इनडेफिनिट. ‘रहा है, रही है, रहे हैं’ आलं की कंटिन्युअस. ‘चुका है, चुकी है, चुके हैं’ म्हणजे परफेक्ट. ‘गा, गी, गे’ म्हणजे फ्यूचर. याला ‘पहचान’ म्हणतात. मुलं पाढे म्हणावेत तसं हे म्हणतात, आणि हिंदी पट्ट्यातली मुलंही हेच म्हणतात. यातलं सगळ्यात प्रसिद्ध वाक्य म्हणजे ‘डॉक्टर के आने से पहले मरीज मर चुका था’. पिढ्यान् पिढ्या तो रोगी डॉक्टर पोचण्याआधी मरतोय. एकदाही वाचला नाही. वाचला असता तर पास्ट परफेक्ट शिकवायला दुसरं वाक्य कुठून आणायचं?

माझं म्हणणं असं आहे, की उर्दूभाषकाच्या इंग्रजीत ज्या चुका आपण काढतो, त्यातल्या निम्म्या उर्दूनं दिल्या आणि निम्म्या या कोष्टकानं. नीट बघितलं तर दुसऱ्या जास्त चिवट असतात, कारण त्या शिकवलेल्या असतात.

‘आय हॅड गॉन टू कराची यस्टरडे’ घ्या. इंग्रजीला इथे साधं ‘वेंट’ पुरतं. पण उर्दू वाक्य आहे ‘मैं कल कराची गया था’. शेवटी ‘था’ आहे, कोष्टकात ‘था’च्या समोर ‘हॅड’ आहे, प्रश्न मिटला. आमच्या घरात या ‘था’ला एक जुना, भारदस्त पत्ता आहे. आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. घरी मराठी, शाळेत उर्दू. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उघडलं तेव्हा शिक्षणाचं माध्यमच उर्दू ठेवलं होतं. इंग्रजी हा सक्तीचा विषय, बाकी सगळी शास्त्रं उर्दूत, आणि त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं. उर्दूचे बाबा म्हणवले गेलेले मौलवी अब्दुल हक बरीच वर्षं औरंगाबादेतच होते आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दू या त्यांच्या संस्थेचं बिऱ्हाडही इथेच होतं. याच संस्थेनं १९३७ साली मोठा इंग्रजी-उर्दू कोश काढला. अशा हवेत आजोबा इंग्रजी शिकले, तेही उर्दू व्याकरणाच्या नावांनी. ते आम्हाला भूतकाळाचे प्रकार सांगायचे: माजी मुतलक, माजी करीब, माजी बईद. ‘आया’ मुतलक, म्हणजे नुसता. ‘आया है’ करीब, जवळचा. ‘आया था’ बईद, लांबचा.

यातच सगळं आलं. उर्दूच्या दृष्टीनं ‘था’ लावायला आधी दुसरी कुठली घटना घडायची गरज नाही. गोष्ट घडून गेली, संपली, आता आपल्यापासून लांब आहे, एवढं पुरे. इंग्रजीला मात्र ‘हॅड’ लावायला दोन घटना लागतात, एक आधीची आणि एक नंतरची. बिचारा रोगी म्हणून तर डॉक्टरच्या जोडीनं येतो. कोष्टक हा फरक सांगत नाही, ते ‘था’ आणि ‘हॅड’ समोरासमोर बसवून मोकळं होतं. आणि मराठी माणसानं इथे हसू नये. आपणही ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ म्हणतो आणि इंग्रजीत ‘हॅड गॉन’च करतो.

‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’चंही तसंच. ‘दो साल से रह रहा हूं’मध्ये ‘रहा हूं’ आहे, म्हणून ‘अ‍ॅम’ आणि ‘इंग’. कोष्टकात एक पोटनियम असतो, की सोबत वेळेचा उल्लेख आणि ‘से’ आला तर ‘हॅज बीन’ लावा. तो लिहिताना आठवतो. बोलताना कुणाला आठवायला वेळ आहे? उरला ‘सिन्स’. उर्दूत दोन वाजल्यापासूनही ‘से’ आणि दोन तासांपासूनही ‘से’, त्यामुळे ‘फॉर’साठी वेगळी खुंटीच नाही.

हा ‘से’ तसा फारच कामसू. चाकू से कापायचं, कराची से यायचं, भाई से मोठं असायचं, कुत्ते से घाबरायचं, लडकी से लग्न करायचं, मास्टर से विचारायचं. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा शब्द, आणि शेवटच्याला तर काहीच नाही. म्हणून ‘अफ्रेड फ्रॉम डॉग्ज’, ‘मॅरीड विथ’, ‘आस्क फ्रॉम सर’. यातलं ‘मॅरीड विथ’ आपणही करतो, ‘तिच्याशी लग्न’मुळे. ‘आस्क फ्रॉम’ मात्र मराठी मुलाच्या तोंडी सहसा येत नाही. आपण सरांना विचारतो, सरांपासून विचारत नाही. निव्वळ नशीब!

सगळ्यात जास्त गोंधळ मी कुठे पाहिला असेल, तर दुसऱ्याचं बोलणं सांगताना. उर्दूत ‘अब्बा ने कहा कि मैं कल आऊंगा’ असं म्हणतात. यातला ‘मैं’ म्हणजे अब्बा. ‘कि’च्या पुढे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे ही उर्दूची सवय, आणि सवय चांगली आहे, ऐकणाऱ्याला आवाजासकट माणूस मिळतो. तिचं इंग्रजी होतं ‘माय फादर सेड दॅट आय विल कम टुमारो’. माझ्या एका विद्यार्थ्यानं वडिलांच्या वतीनं एका कचेरीला असाच निरोप लिहून दिला. दुसऱ्या दिवशी वडील गेले, तर खिडकीतला माणूस म्हणाला, तुमचा मुलगा येणार होता ना? कागद समोर होता, भांडायची सोय नव्हती. विद्यार्थी मला म्हणाला, “सर, मैं तो सहीच लिखा था.” उर्दूनं बघितलं तर सहीच होतं.

शाळेत याच गोष्टीसाठी डायरेक्ट-इनडायरेक्टचा आख्खा धडा असतो. ‘टुमारो’चं ‘द नेक्स्ट डे’ करा, ‘विल’चं ‘वुड’ करा, सर्वनामं बदला. मुलं त्यात पैकीच्या पैकी गुण घेतात. पण तो धडा म्हणजे बटणं उलटसुलट करायचा खेळ होऊन बसलाय. हे सगळं का बदलायचं, तर इंग्रजीत ‘दॅट’च्या पलीकडेही सांगणारा मीच असतो, ही एक ओळ कुणी सांगत नाही. ती सांगितली की निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. ‘आय डोन्ट नो व्हॉट इज हिज नेम’ हीदेखील याच घरची चूक. ‘मालूम नहीं उसका नाम क्या है’मध्ये प्रश्न जसाच्या तसा आत ठेवलाय, इंग्रजीत तो आत जाताना सरळ वाक्य होऊन जातो.

एक चूक मला मनापासून आवडते. ‘ही हॅज वॉर्न अ कॅप.’ समोर टोपी घातलेला माणूस उभा आहे आणि इंग्रज म्हणेल ‘ही इज वेअरिंग’. उर्दूभाषकाला ते पटत नाही. ‘पहन रहा है’ म्हणजे हात वर आहेत, टोपी डोक्यावर चढते आहे. चढून झाली की ‘पहन रखी है’, ‘पहनी हुई है’. मग ‘हॅज वॉर्न’ नको तर काय? मराठीतही टोपी ‘घातली आहे’. ‘घालतो आहे’ म्हटलं तर आरसा पाहिजे. इथे मी लाल पेन चालवतो, पण युक्तिवाद करत नाही, कारण युक्तिवादात इंग्रजी हरते.

अनेकवचनांचं थोडक्यात. ‘इन्फर्मेशन्स’ येतं कारण उर्दूत ‘मालूमात’ मुळातच अनेकवचनी, अरबी ठशाचं. ‘अ‍ॅडव्हाइसेस’ येतं कारण नसीहतें असतात, ‘हेअर्स’ येतात कारण बाल लंबे ‘होते हैं’. उलट कैंची एकच असते, म्हणून ‘अ सिझर’. ‘अ’ आणि ‘द’ यांच्याविषयी काय बोलावं? उर्दूत ती उपपदं नाहीत, मराठीत नाहीत, आणि ज्यांच्या भाषेत नाहीत त्यांना ती आयुष्यभर चुकवून-चुकवूनच अंगवळणी पडतात. नियम पाठ करून आलेली मी कुणाला पाहिली नाहीत.

अदब हा मात्र वेगळा मामला. ‘माय फादर आर ड्रायव्हर’ असं लिहिणारं मूल अनेकवचन चुकत नसतं, ते वडिलांना अहो-जाहो करत असतं. वालिद साहब आए हैं. इंग्रजीनं ‘इज’ लावायला सांगितलं की त्याला वडिलांना अरे-तुरे केल्यासारखं वाटतं. मराठी मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही, बाबा ‘आले’च असतात. हीच अदब अर्जात उतरते. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट इट इज स्टेटेड दॅट’ अशी सुरुवात आणि ‘आय शॅल बी व्हेरी थँकफुल टू यू फॉर धिस अ‍ॅक्ट ऑफ काइंडनेस’ असा शेवट, मध्ये काय ते एक दिवसाची रजा. वरवर हे जुनं कंपनी सरकारी इंग्रजी वाटतं, काही अंशी आहेही, पण त्याच्या आत ‘मुअद्दबाना गुजारिश है’ आणि ‘ऐन नवाजिश होगी’ अगदी स्पष्ट ऐकू येतात. याला व्याकरणाची चूक म्हणणारे भेटतात. मी म्हणत नाही. त्यात व्याकरण चुकलेलं नाही, फक्त इंग्रजी साहेब निघून गेला आणि त्याच्या खुर्चीसमोर वाकणं राहिलं.

इथून पुढचा प्रश्न अटळ आहे: चूक कशाला म्हणायचं आणि वळण कशाला? श्रीनगरचे भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरू यांनी भारतीय इंग्रजीचा संसार स्वतंत्र मानावा असा आग्रह धरला. पाकिस्तानात तारिक रहमान यांनी १९९०मध्ये पाकिस्तानी इंग्रजीचं असंच वर्णन मांडलं. ‘इंटरेस्टेड टू जॉइन’ तिकडच्या वर्तमानपत्रांत सर्रास छापलं जातं, मग ते चूक कसं? तत्त्वतः मला हे पटतं. पण माझ्यासमोर बसलेल्या मुलीला उद्या मुलाखत आहे, आणि समोरच्या माणसानं कचरू वाचलेले नसतात. त्यामुळे मी एक साधा फरक करतो. ज्यानं अर्थ फिरतो ते आधी दुरुस्त करायचं. निरोपातला ‘आय’ आणि अलीची आई यात आलेच. ‘सिन्स टू इयर्स’नं कुणाची गाडी चुकत नाही, ते सावकाश. ‘क्लोज द लाइट’ तर मी सोडूनच देतो. दिवा बंद होतो, आणखी काय पाहिजे?

आमच्याकडची उर्दू मुळात लाहोरची नाहीच. ती दख्खनी. तिच्यात ‘ने’चा फारसा जाच नाही, ‘मैं बोला’, ‘हम खाना खाए’. जोर द्यायचा तर मराठीतून उचललेला ‘च’ आहे: मैंच, आजइच. नाही म्हणायला ‘नक्को’. आणि ऐकीव गोष्ट सांगायला ‘बोलके’: ‘मैं आता बोलके बोला’, हुबेहूब आपलं ‘मी येतो म्हणून म्हणाला’. लाहोरचा मुलगा ‘ही सेड दॅट आय अ‍ॅम कमिंग’ लिहितो, आमचा पुष्कळदा ‘आय अ‍ॅम कमिंग, ही सेड’ असं लिहून जातो. त्याला अवतरणचिन्हं लावली की वाक्य चक्क शुद्ध! मी चिन्हं लावतो आणि गप्प बसतो. सांगायचं एवढंच, की ‘उर्दूभाषकांच्या चुका’ अशी छापील यादी कराचीत बनवली तर ती आमच्या गल्लीत निम्मीच लागू पडते.

म्हणून मी हल्ली कोष्टक बाजूला ठेवून दुसरी वाट धरली आहे. या मुलांना मराठी येते. शाळेत शिकवली जाते, २०२०च्या कायद्यानं तर ती सगळ्याच शाळांत सक्तीची आहे, आणि कायद्याच्या किती तरी आधीपासून भाजीवाल्याशी, बस कंडक्टरशी, तलाठ्याशी त्यांना ती बोलावी लागते. उर्दूला जे जमत नाही ते मराठीला जमतं: ‘त्याची आई’, ‘तिची आई’. मालक कोण तेही सांगितलं आणि आई स्त्री आहे तेही. ‘ची’ आईकडे बघतो, ‘त्या’ आणि ‘ति’ मालकाकडे. इंग्रजीनं यातला फक्त मालकाकडचा अर्धा भाग घेतलाय.

तर अली लव्ह्ज हर मदर आलं की मी विचारतो, “मराठीत बोल.” मूल म्हणतं, “अलीचं त्याच्या आईवर प्रेम आहे.” “त्याच्या की तिच्या?” “त्याच्या.” “मग?” आणि ‘हर’चं ‘हिज’ मूल स्वतः करतं. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, “सर, तो फिर अंग्रेजी मराठी से आसान पडती क्या?” मी हो म्हणालो.

ते ‘हो’ तिनं मनावर घेतलं. पुढच्या निबंधात तिच्या खोलीतला पंखा ‘ही’ झाला होता आणि खुर्ची ‘शी’. मराठीत तो पंखा आणि ती खुर्ची, मग चुकलं कुठे? मी तिला ‘इट’ समजावून सांगायला लागलो, तर म्हणाली, “टेबल को इट लिखी मैं, सर. वो ‘ते’ है ना.”